अक्कलदाढ वेदना-प्रारूप

वेदनाशामक औषध माणसावर खरोखर काम करते का, किती वेळात करते आणि त्याचा असर किती टिकतो, हे अक्कलदाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावर तपासण्याची संशोधनपद्धत. अमेरिकेतील स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी १९७६ मध्ये तिची शिस्तशीर मांडणी केली. त्यानंतर आयबुप्रोफेनपासून सेलेकॉक्सिबपर्यंत कित्येक औषधे या कसोटीवर घासली गेली. तोंड आणि चेहऱ्याच्या तात्पुरत्या वेदनांबद्दल औषधशास्त्राला आज जे खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा वाटा या छोट्या शस्त्रक्रियेचा आहे.

संशोधकांना ती सोयीची वाटते याला कारणे आहेत. अक्कलदाढ काढून घेणारी माणसे बहुधा विशीच्या आसपासची, धडधाकट आणि दुसरी कोणतीही औषधे न घेणारी असतात. शस्त्रक्रियेची वेळ आधीच ठरते. खालच्या जबड्यात आडवी अडकलेली दाढ असेल तर हिरडीला छेद देऊन हाड कोरावे लागते, दाढेचे तुकडे करून ते एकेक काढावे लागतात, मग टाके पडतात. भूल उतरली की काही तासांत बहुतेकांना बऱ्यापैकी ठणका लागतोच. म्हणजे दुखापत कधी झाली, कुठे झाली आणि साधारण केवढी झाली, हे सगळे ठाऊक असते. पाठदुखी किंवा डोकेदुखीच्या रुग्णाबाबत असे म्हणता येत नाही.

चाचणी अशी चालते. दाढ काढल्यावर रुग्णाला दवाखान्यातच बसवून ठेवतात. वेदना ‘मध्यम’ किंवा ‘तीव्र’ झाल्याचे त्याने सांगितले की गोळी देतात. ती औषधाची आहे की प्लासिबोची, म्हणजे औषध नसलेली पण दिसायला तशीच, हे त्याला ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही नसते. त्याच्या हाती दोन स्टॉपवॉच असतात. थोडासा आराम पडल्यासारखा वाटला की एक बंद करायचे आणि ‘आता खरेच बरे वाटले’ असे झाले की दुसरे. ठरावीक अंतराने परिचारिका वेदनेचा आकडा विचारून लिहून घेते. सहन होईनासे झाले तर मागता क्षणी दुसरे वेदनाशामक मिळते आणि ते कधी मागितले याचीही नोंद होते. ही मुभा नसती तर दुखणाऱ्या माणसाला प्लासिबो देणे नीतीला धरून झाले नसते.

या काळात जबड्यात काय घडते हेही याच रुग्णांकडून कळले. फाटलेल्या पेशींच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल सुटते आणि कॉक्स ही विकरे त्यापासून प्रोस्टाग्लँडिने बनवतात. कॉक्स-१ तिथे आधीपासून असते. कॉक्स-२ दुखापतीनंतर काही तासांत नव्याने तयार होते. प्रोस्टाग्लँडिन ई-२ स्वतः फारशी कळ आणत नाही. ते वेदनातंतूंची टोके हळवी करते, मग एरवी जाणवलाही नसता असा जिभेचा स्पर्श असह्य होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेत रेमंड डायोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाढेच्या जागी बारीक नळी ठेवून हे द्रव्य मोजले. भूल उतरू लागली की त्याचे प्रमाण चढते आणि आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे ते खाली आणतात, असे दिसले.

खालच्या जबड्यातून निघालेला संदेश पाचव्या मस्तिष्क-तंत्रिकेतून, म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्हमधून, मेंदूच्या देठाकडे जातो. तिथल्या ‘सबन्यूक्लियस कॉडॅलिस’ या भागात दात, जबड्याचे स्नायू, कानाचा परिसर आणि मान यांच्याकडून येणारे तंतू बरेचदा एकाच चेतापेशीवर येऊन मिळतात. दुखते खालची दाढ आणि रुग्ण हात ठेवतो कानावर, ते यामुळे. टोरोंटोचे बॅरी सेसल आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या दातातील मगजाला मोहरीतला झणझणीत घटक लावून या पेशींचे विद्युत-संकेत टिपले. पेशी अधिक उत्तेजित झाल्या, शरीराच्या जास्त मोठ्या भागातून येणाऱ्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागल्या आणि ही अवस्था बराच वेळ टिकली. वेदनेच्या या वाढीत चेतापेशींच्या भोवतीच्या ग्लिया पेशींचाही हात असतो, हे त्यांच्या पुढच्या कामातून पुढे आले.

यातून औषध देण्याच्या वेळेचा प्रश्न निघतो. डायोन आणि कूपर यांनी १९७८ मध्ये आयबुप्रोफेन शस्त्रक्रियेच्या आधीच दिले, तेव्हा वेदना उशिरा सुरू झाली. ‘भूल उतरायच्या आत पहिली गोळी घ्या’ असे दंतवैद्य सांगतात, त्यामागे हाच विचार आहे. प्रोस्टाग्लँडिने साचल्यावर त्यांच्या मागे धावण्यापेक्षा ती बनूच न देणे सोपे.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवरच वेगळा प्रश्न सोडवायला घेतला. प्लासिबोने ज्यांना बरे वाटले होते, त्यांना अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर वेदना पुन्हा वाढली. म्हणजे नुसत्या अपेक्षेने आलेला आराम मनाचे खेळ म्हणून झटकून टाकता येत नाही. शरीर स्वतःची अफूसदृश द्रव्ये सोडत असते. पुढच्या प्रयोगांत रुग्णाच्या डोळ्यांदेखत दिलेले साधे मिठाचे पाणी, त्याला न कळवता दिलेल्या सुमारे ६ ते ८ मिलिग्रॅम मॉर्फीनच्या तोडीचे ठरले. वेदनेच्या अभ्यासात याहून महत्त्वाचे निष्कर्ष फार थोडे असतील.

लेव्हिन यांच्याच गटाने १९९६ मध्ये दाखवले की कप्पा-ग्राहींवर (ग्राही म्हणजे पेशीवरची औषध जिथे चिकटते ती जागा) काम करणारी अफूवर्गीय औषधे स्त्रियांना पुरुषांपेक्षा लक्षणीय जास्त आराम देतात. त्यांपैकी नॅलब्युफीन कमी मात्रेत दिल्यावर पुरुषांची वेदना प्लासिबोपेक्षाही वाढल्याचे नंतर दिसले. नर उंदीर आणि पुरुष स्वयंसेवक यांच्यावर ठरवलेली मात्रा सगळ्यांना लागू पडते, असे धरून चालण्याला हा सरळ धक्का होता.

काही औषधे या कसोटीवर आपटली, तीही शिकवून गेली. मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडणारा टीआरपीव्ही-१ हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा आहे. तो बंद केला तर वेदना थांबेल, ही आशा रास्त होती. पण एएमजी ५१७ हे असे औषध दाढ काढलेल्या रुग्णांना दिल्यावर काहींचा ताप ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला आणि चाचणी थांबवावी लागली. हा ग्राही शरीराचे तापमान सांभाळण्यातही भाग घेतो, हे माणसात असे कळले.

प्रारूपाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एका दिवसाच्या चाचणीत रोफेकॉक्सिब हे कॉक्स-२ रोखणारे वेदनाशामक उत्तम ठरले होते; दीर्घकाळ घेतल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो हे मोठ्या चाचण्यांतून उघड झाल्यावर २००४ मध्ये ते बाजारातून काढून घेतले गेले. शिवाय हे सारे ज्ञान सूज आणि जखमेच्या वेदनेपुरते आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात दात घासताना किंवा वाऱ्याच्या झुळुकीनेही चेहऱ्यात विजेसारखी कळ जाते. तिथे आयबुप्रोफेनचा उपयोग नसतो. बहुतेक वेळा मेंदूच्या देठाजवळ रक्तवाहिनी तंत्रिकेवर दाबली जाऊन तंतूंचे आवरण झिजलेले असते आणि तंत्रिकेतला संदेश पुढे नेणारे सोडियम-मार्ग रोखणारे कार्बामाझेपीन, हे मुळात फेफऱ्याचे औषध, १९६२ पासून तिथे वापरले जाते. अशा रुग्णाचे धड असलेले दात एकामागून एक काढले जाण्याचे प्रकार घडतात. हे दुखणे दाताचे नाही, हे वेळीच ओळखणे गोळीच्या निवडीइतकेच गरजेचे आहे. जबड्याच्या सांध्याचे महिनोन्‌महिने चालणारे दुखणेही अक्कलदाढेच्या चाचण्यांवरून समजून घेता येत नाही.

अक्कलदाढेपुरता मात्र निकाल लागल्यात जमा आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतल्यास एकेकट्या गोळीपेक्षा जास्त आराम मिळतो. अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या, १,८०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत ही जोडी अफूवर्गीय हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल यांच्या एकत्र गोळीपेक्षा सरस ठरली. हे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. जठराचे व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर आयबुप्रोफेन टाळावे लागते. भारतात या दोन औषधांची एकत्र गोळी बऱ्याच वर्षांपासून मिळते. सर्दीतापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी घेणाऱ्याच्या पोटात त्याची मात्रा नकळत जास्त जाऊन यकृताला इजा होऊ शकते; चिठ्ठी लिहिणाऱ्या दंतवैद्याने रुग्ण आधीपासून काय घेतो आहे हे विचारून घ्यायला हवे.