अन्ननलिकेचा जन्मजात संकोच

अन्ननलिकेच्या, म्हणजेच ग्रसिकेच्या, भिंतीत गर्भावस्थेतच दोष निर्माण होऊन तिचा एखादा भाग जन्मतः अरुंद राहतो, त्या विकृतीला अन्ननलिकेचा जन्मजात संकोच म्हणतात. सुमारे २५,००० ते ५०,००० जन्मांमागे एका बाळात ती आढळते. विकृती जन्मापासूनची असली तरी बहुतेक बाळांत ती पहिले काही महिने लपून राहते, कारण दूध अरुंद वाटेतूनही खाली उतरते. सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण होऊन घट्ट अन्न सुरू झाले की अडचण उघड होऊ लागते.

खानदेशातील घरांत हा क्रम ओळखण्यासारखा असतो. वरणाचे पाणी आणि पेज बाळ आवडीने घेते, दुधात कालवून पातळ केलेले केळेही चालते. पण घट्ट खिचडी किंवा दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरी दिली की ते मान ताणते, लाळ गाळते आणि थोड्याच वेळात घास जसाच्या तसा बाहेर टाकते. या ओकारीला आंबट वास नसतो आणि तिच्यात पित्त नसते, कारण अन्न जठरापर्यंत पोहोचलेलेच नसते. ‘घास खाली उतरत नाही’ असे आई सांगते, तेव्हा ती आजाराचे नेमके वर्णन करीत असते, आणि ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर नोंदवले जावे. अन्न वा लाळ श्वासमार्गात गेल्याने ठसका, रात्रीचा खोकला आणि वारंवार न्यूमोनिया होतो. संकोच सौम्य असल्यास निदान बरेच लांबते, आणि मेहरूणच्या बोराची आठळी किंवा भिजवलेला हरभरा छातीत अडकल्यावरच तो प्रथम लक्षात येऊ शकतो.

या विकृतीचे तीन प्रकार आहेत. श्वासनलिका व अन्ननलिका गर्भात एकाच आद्य नळीपासून तयार होतात व साधारण चौथ्या आठवड्यापासून एकमेकींपासून वेगळ्या होऊ लागतात. ही विभागणी अपुरी राहिल्यास श्वासनलिकेच्या ऊतींचे अवशेष, अनेकदा कूर्चेचे (लवचीक पण टणक अशा मऊ हाडाचे) तुकडे, अन्ननलिकेच्या भिंतीत राहून जातात. हा पहिला प्रकार होय. दुसऱ्यात भिंतीतील स्नायू व तंतुमय ऊती जाड होतात. हे दोन्ही प्रकार बहुधा अन्ननलिकेच्या खालच्या तृतीयांशात असतात. तिसऱ्यात आत पातळ पडदा असून त्याला लहानसे छिद्र असते. हा प्रकार दुर्मिळ असून तो वरच्या वा मधल्या भागात आढळतो. अन्ननलिका जन्मतः खंडित असलेल्या काही बाळांत हा संकोचही असतो. जोडणीची शस्त्रक्रिया झाल्यानंतर गिळण्याची तक्रार राहिली, तर दोष जोडावर टाकला जातो, आणि त्याच्या खालचा हा दुसरा अरुंद भाग नजरेतून सुटू शकतो.

निदानासाठी क्ष-किरणांत उठून दिसणारे बेरियमचे मिश्रण पाजून चित्रे घेतात. त्यांत वरची नळी फुगलेली व खाली एकाएकी निमुळती झालेली दिसते. मात्र जठरातील आम्ल वर येऊन पडलेल्या व्रणामुळे आणि कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ गिळल्यामुळेही नळी आकसते, तर अकॅलेझिया या विकारात अन्ननलिकेची खालची झडप सैल पडत नाही. म्हणून दुर्बिणीने आतील अस्तर पाहणे आणि २४ तास आम्लता मोजणे उपयोगी ठरते. जन्मजात संकोचात अस्तर बहुधा निरोगी दिसते. भिंतीत कूर्चा आहे की नाही, हे दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीत बऱ्याचदा कळते, आणि उपचार कोणता करावा हे मुख्यतः त्यावर अवलंबून असते.

सातपुड्यालगतच्या धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांत कुपोषण हा जुना व गंभीर प्रश्न असल्याने वजन न वाढणारे मूल साहजिकच त्याच वर्गात मोजले जाते. पोषण पुनर्वसन केंद्रातील दुधाळ, पातळ आहारावर अशा मुलाचे वजन वाढणे आणि घरी भाकरीवर आल्यावर ते पुन्हा घटणे शक्य असते. हा चढउतार दिसला तर गिळण्याची चौकशी व्हायलाच हवी. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात; अशा मुलाला वरच्या रुग्णालयात पाठवण्याचा मार्ग तेथून खुला होतो.

पडदा असल्यास तो दुर्बिणीतून छेदतात किंवा फुग्याने रुंद करतात. स्नायूंच्या जाडीवरही आधी फुग्याने प्रसरण करून पाहतात. ते भूल देऊन, काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावे लागते. कूर्चा मात्र सहसा ताणली जात नाही, आणि जोर लावल्यास नळी फाटून छातीत जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. त्यामुळे अशा वेळी अरुंद भाग कापून दोन्ही टोके जोडणे हाच बहुधा खात्रीचा उपाय ठरतो. छेद जठराच्या तोंडाजवळ घ्यावा लागला तर आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. शस्त्रक्रियेनंतरही त्या भागाची हालचाल मंद राहू शकते. म्हणून मुलाला घास लहान द्यावा, नीट चावून खायला शिकवावे, दोन घासांमध्ये पाण्याचा घोट द्यावा, आणि पुन्हा अन्न अडकू लागले तर प्रसरणासाठी रुग्णालयात न्यावे.