वडगावच्या मोहिमेआधीची खलबते

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळात इंग्रजांच्या फौजेने हार मानून करार केला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, लोकांच्या तोंडचा ‘इष्टुर फाकडा’, मावळात आजही लोकांना ठाऊक आहे. पण ती फौज बोरघाट चढण्याआधी मुंबई, कलकत्ता आणि पुण्यात काय काय शिजले, त्याकडे फारसे कुणी वळत नाही. माझ्या मते या मोहिमेचा निकाल १७७८ च्या पावसाळ्यातच लागला होता. पुढे रणात घडले ते त्याचेच पर्यवसान.

सुरुवात नारायणराव पेशव्यांच्या खुनापासून करावी लागते. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात तो खून झाला आणि राघोबादादा गादीवर आले. पण सखारामबापू बोकील, नाना फडणवीस आणि इतर कारभाऱ्यांच्या बारभाईंनी त्यांना टिकू दिले नाही. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि राघोबांचा हक्कच संपला. आश्रय शोधत ते इंग्रजांकडे गेले.

मुंबईकर इंग्रजांना असा माणूस हवाच होता. बेट लहान, उत्पन्न तुटपुंजे, खर्च भागवायला बंगालच्या तिजोरीकडे हात पसरायचा. डोळ्यांसमोर साष्टी आणि वसई. साष्टी पोर्तुगीज परत घेतील या धास्तीने त्यांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेऊनही टाकला होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबांशी तह झाला: इंग्रजांनी फौज द्यायची, राघोबांनी साष्टी, वसई आणि फौजेचा खर्च. कर्नल कीटिंगची फौज गुजरातेत उतरली आणि मे महिन्यात अडासला लढाईही झाली.

इथेच पहिली गाठ बसली. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने तह आणि युद्ध या बाबतीत मुंबईला कलकत्त्याच्या देखरेखीखाली आणले होते, आणि सुरतेचा तह कलकत्त्याला न विचारता झाला होता. कलकत्त्याने तो नामंजूर केला, कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. त्यानुसार राघोबांनी नेमणूक, म्हणजे निर्वाहाची ठरलेली रक्कम, घेऊन कोपरगावी राहायचे होते. मग लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचे पत्र आले, ते नेमके सुरतेच्या तहाला पसंती देणारे! मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याला तेवढे पुरे होते. राघोबांना त्याने मुंबईत ठेवून घेतले आणि पुरंदरचा तह कागदावरच राहिला.

१७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यात दाखल झाला. त्याला किती अधिकार होते याचीच शंका होती, पण तो फौजेची आणि शस्त्रांची आश्वासने देत होता, आणि फ्रेंचांना चौल-रेवदंड्याकडे बंदर मिळणार अशी वदंता पसरली. पुण्यातला इंग्रज वकील थॉमस मॉस्टिन याची पत्रे या भीतीने भरलेली असत. नानांनी त्या फ्रेंचाला मानपान दिला, बोलणी लांबवली आणि इंग्रजांना ती दिसतील अशी व्यवस्था ठेवली. हा डाव हुशारीचा खरा, पण त्यानेच मुंबईच्या हाती निमित्त दिले. अमेरिकेत साराटोगाला इंग्रजांची फौज शरण गेली होती, फ्रान्सशी युद्ध कधीही पेटेल अशी हवा होती. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने आपल्या कौन्सिलातल्या फिलिप फ्रान्सिसचा विरोध मोडून मुंबईला राघोबांच्या बाजूने उतरायची परवानगी दिली आणि मे १७७८ मध्ये काल्पीहून कर्नल लेस्लीची फौज बुंदेलखंडातून पश्चिमेकडे निघाली.

परवानगी ज्या घडामोडींवर दिली गेली त्या आता पाहू, कारण सगळे मर्म तिथे आहे. १७७८ च्या आरंभी पुण्यात फूट पडली होती. नानांचे चुलतभाऊ मोरोबा, तुकोजी होळकर आणि आतून सखारामबापू असा गट राघोबांना आणायच्या विचारात होता. नानांना पुरंदरावर जावे लागले, कारभार मोरोबांकडे गेला. मुंबईच्या साऱ्या आखणीचा पाया हाच, की राजधानीत आपली माणसे आहेत आणि फौज दिसताच सरदार राघोबांकडे येतील. पण मुंबईकर लेखी मागणी आणि हमी मागत बसले, आणि सत्ता हाती आल्यावर मोरोबांचीही राघोबांना आणायची निकड उरली नाही. तेवढ्यात महादजी शिंदे आणि हरिपंत फडके परतले. होळकरांना पैसा देऊन फोडले गेले, आणि जुलैत मोरोबा कैद होऊन नगरच्या किल्ल्यात गेले.

या दिवसानंतर मोहिमेला राजकीय आधार राहिला नव्हता. तरी मुंबईत बेत मोडला नाही. वऱ्हाडी पांगल्यावर मांडव घालावा तशी तयारी सुरू राहिली. लेस्ली ऑक्टोबरात वारला आणि बंगालच्या फौजेची सूत्रे कर्नल गॉडार्डकडे गेली. डिसेंबरात गॉडार्ड नर्मदेकाठी होता. त्याची वाट पाहणे हा साधा शहाणपणा होता. हॉर्नबीने ती पाहिली नाही. तिकडे हेस्टिंग्ज नागपूरकर भोसल्यांशी वेगळेच संधान बांधू पाहत होता. त्यासाठी निघालेला त्याचा वकील एलियट वाटेतच मेला, पण एक सरकार राघोबांवर आणि दुसरे नागपूरच्या मुधोजी भोसल्यांवर भरवसा ठेवत होते एवढे खरे. बंगालची फौज येण्याआधी आपण पुणे गाठावे, म्हणजे यश आपले, असा मुंबईचा हिशेब होता असेच या घाईवरून दिसते.

नोव्हेंबरात राघोबांशी नवा करारही झाला. त्यात राघोबा पेशवे व्हायचे नव्हते, सवाई माधवरावांच्या नावाने कारभार पाहायचे होते. चार वर्षांच्या बाळपेशव्याचा हक्क इंग्रजांनाही नाकारता आला नाही, यात बारभाईंचे मोठे यश आहे.

फौज सुमारे ३,९०० ची. सामानाला १९,००० वर बैल! नेतृत्व त्रिसदस्य समितीकडे: बंगालमध्ये सेनापतित्व केलेला जॉन कार्नाक, प्रकृतीने खालावलेला कर्नल एजर्टन, आणि मॉस्टिन. कार्नाक आणि एजर्टन यांच्यात लष्करी मानपानावरून आधीच बिनसले होते. पुणे दरबार आतून ओळखणारा एकटा मॉस्टिन. तो आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ ला वारला. तोफांसाठी घाटात रस्ता करीत त्या वर चढवेपर्यंत डिसेंबर संपत आला.

पुण्यातली तयारी याच्या नेमकी उलट होती. नानांचे बातमीदार मुंबईत होते, फौज कधी निघाली, किती निघाली हे इकडे कळत होते. होळकरांना नजरेखाली ठेवले गेले, सखारामबापूंनाही. तोफखान्याचे भिवराव पानसे पुढे गेले, मागे महादजी आणि हरिपंत. वाटेवरची गावे रिकामी करायची, दाणावैरण जाळायची, वेळ पडल्यास पुणेही जाळायचे असे ठरले. स्वतःची राजधानी जाळायची तयारी ठेवणे किती जड असेल! ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले तेव्हा गाव जळत होते, आणि राघोबांना येऊन मिळणारा एकही मोठा सरदार दिसत नव्हता. दोनच दिवसांनी, अवजड तोफा तळ्यात टाकून, रात्रीच्या अंधारात माघार सुरू झाली.

वडगावात कोंडी झाल्यावर समितीने सांगितले की कलकत्त्याच्या संमतीशिवाय तह करायचा अधिकार आम्हाला नाही. तरीही सही करावी लागली, आणि पुढे मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी नेमके तेच कारण पुढे करून करार नाकारला. कार्नाक, एजर्टन आणि एजर्टनकडून सूत्रे घेतलेला कॉकबर्न यांना कंपनीने नोकरीतून काढले. हॉर्नबी १७८४ पर्यंत गव्हर्नर राहिला.