जॉन न्यूटन यांच्या पापकबुलीची पार्श्वभूमी

जुन्या अपराधाचे ओझे ख्रिस्ताच्या कृपेने उतरते, याची साक्ष देताना इंग्लंडच्या जॉन न्यूटन (१७२५–१८०७) यांचे उदाहरण ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) हमखास दिले जाते. परंतु ते बहुधा अर्ध्यावरच थांबते. मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात वादळाने जहाज फुटू लागले, तेव्हा पंपाने पाणी उपसता उपसता त्यांनी देवाची करुणा भाकली आणि तेथून ते विश्वासाकडे वळले, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतरही ते गुलामांच्या व्यापारातच होते. १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेऊन वाहून नेली, आणि त्याच जहाजांवर ते खलाशांसाठी रविवारची उपासनाही चालवीत. पुढे समुद्र सोडला तो आजारपणामुळे. मनाच्या टोचणीमुळे नव्हे.

१७६४ मध्ये ते ओल्नी गावी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, झाले. १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी रचलेल्या ‘अमेझिंग ग्रेस’ या गीतात स्वतःच्या अधमपणाची कबुली आहे, पण ज्यांना बेड्या घातल्या त्यांचा उल्लेख नाही.

तो उल्लेख आला १७८८ मध्ये, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लिहिलेल्या पुस्तिकेत. जहाजाच्या पोटात, जेमतेम पाच फूट उंचीच्या जागेत, फळीवर पुस्तके लावावीत तशी माणसे दोन थरांत कशी निजवली जात आणि सकाळी जिवंत माणूस व प्रेत एकाच बेडीत जखडलेले कसे सापडे, हे त्यांनी त्यात लिहिले. शिवाय आपली कबुली कितीही मनापासून असली तरी झालेली हानी भरून निघण्यास ती फार उशिरा येत आहे, हेही मान्य केले. देवाने क्षमा केली आहे या खात्रीमुळेच त्यांना स्वतःची अब्रू राखण्याची गरज उरली नाही, असे मला ठामपणे वाटते. मात्र त्या क्षमेपासून या कबुलीपर्यंत पोहोचण्यास त्यांना चाळीस वर्षे लागली, हे गाळून त्यांची साक्ष सांगणे योग्य नव्हे.

पुढे त्यांनी संसदेच्या समितीपुढेही साक्ष दिली. त्यापूर्वी, १७८५ मध्ये, राजकारण सोडावे की काय या विवंचनेत आलेल्या खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना (गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत पुढे लढा दिला तो यांनीच) त्यांनीच संसदेत राहण्याचा सल्ला दिला होता. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला, तेव्हा न्यूटन हयात होते. त्याच डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा होण्यास मात्र १८३३ साल उजाडावे लागले.