मेटॅफर, आयरनी ही नावे ग्रीक का?

बारावीच्या इंग्रजी पेपरात 'फिगर ऑफ स्पीच' म्हणजे अलंकार ओळखायला येतो, तेव्हा मुले आधी नावांनाच अडखळतात. मेटॅफर (रूपक), हायपर्बली (अतिशयोक्ती), ऑक्सिमोरॉन (विरोधी शब्दांची जोडी) ही नावे मुळात ग्रीक आहेत आणि इंग्रजीत ती वक्तृत्वाच्या शिक्षणातून आली.

इ.स.पू. चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने 'मेटाफोरा' समजावून सांगितला: एका वस्तूचे नाव उचलून दुसरीला देणे. ग्रीक वीर अकिलीसबद्दल 'अकिलीस सिंहासारखा झेपावला' ही उपमा, त्यालाच सिंह म्हणून 'सिंह झेपावला' हे रूपक. दोहोंत अंतर थोडेच, असे त्याचे मत. पुढे रोमन शिक्षकांनी यादी साठाच्या वर नेली. त्यांची एक विभागणी आजही कामाची आहे. शब्दाचा अर्थच वळला तर ट्रोप: मेटॅफर, मेटॉनिमी (वस्तूऐवजी तिच्याशी निगडित गोष्टीचे नाव), आयरनी (मनात असते त्याच्या उलट बोलणे). अर्थ जागेवर राहून मांडणी बदलली तर स्कीम: अँटिथिसिस (विरोधी कल्पना समोरासमोर ठेवणे), इन्व्हर्शन (शब्दांचा क्रम उलटणे). उत्तर लिहिताना आधी एवढे ठरवले तरी निम्म्या चुका टळतात. उरते ती मेटॉनिमी आणि सिनेक्डकी (भागाच्या नावाने पूर्ण वस्तू सांगणे) यांची गल्लत. राजाला 'क्राउन' म्हटले तर मेटॉनिमी, कारण मुकुट राजाशी निगडित असला तरी त्याचा अवयव नाही. मजुरांना 'हँड्स' म्हटले तर सिनेक्डकी, कारण हात शरीराचाच भाग.

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या ग्रामर स्कूलमध्ये मुले लॅटिन उताऱ्यांतून अलंकार हुडकत आणि आपल्या लेखनात योजत. 1550 मध्ये रिचर्ड शेरी या शिक्षकाने हे अलंकार इंग्रजीत मांडले. 1589 च्या ग्रंथात जॉर्ज पटनम या लेखकाने तर अस्सल इंग्रजी नावेच घडवली: आयरनीला 'ड्राय मॉक' म्हणजे कोरडी थट्टा, हायपर्बलीला 'लाउड लायर' म्हणजे मोठ्याने खोटे बोलणारा. नाव ऐकताच काम कळावे, अशी ही सुंदर योजना होती. पण शाळा लॅटिनच्याच राहिल्या आणि लॅटिन पुस्तकांतली ग्रीक नावेच टिकली.

अ‍ॅलिटरेशनचे, म्हणजे शब्दांच्या आरंभी सारखा ध्वनी येण्याचे, मात्र वेगळे आहे. नाव लॅटिन वळणाचे आणि उशिरा आलेले असले, तरी ही युक्ती इंग्रजीच्या घरचीच. 1066 च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्रजी काव्यात यमकाऐवजी तीच ओळ बांधत असे: ओळीचे दोन अर्ध, आणि आघात असलेल्या अक्षरांच्या आरंभी सारखा ध्वनी. हे काव्य कानासाठी होते, म्हणून आजही स्पेलिंगवर जाऊ नये. 'फोन' आणि 'फिश' यांत अ‍ॅलिटरेशन होते. 'सिटी' आणि 'कॅट' यांचे पहिले अक्षर एकच असूनही होत नाही.