नोकरीच्या अर्जातला वंशाचा रकाना आला कुठून?

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरत गेलं की शेवटी शेवटी एक वेगळंच पान समोर येतं. तुमचा वंश कोणता, तुम्ही हिस्पॅनिक आहात का, माजी सैनिक आहात का, अपंगत्व आहे का. वर सूचना असते की माहिती देणं ऐच्छिक आहे आणि तिचा निवडीवर परिणाम होणार नाही. पुण्या-मुंबईतून पहिल्यांदा तिकडे अर्ज करणाऱ्याच्या मनात इथे दोन शंका हमखास येतात. परिणामच होणार नसेल तर विचारता कशाला? आणि वंशावरून भेदभाव करायला बंदी असलेल्या देशात हा प्रश्न विचारायला परवानगी कशी? दोन्ही शंका रास्त आहेत. हे पान कुणी एकदा बसून विचारपूर्वक आखलेलं नाही. शंभरेक वर्षांत ते थराथरांनी साचत गेलं आहे आणि त्यातले काही थर एकमेकांच्या अगदी उलट हेतूंनी आलेले आहेत.

सुरुवात फोटोपासून करायला हवी. आपल्याकडे अर्जाला पासपोर्ट साइज फोटो चिकटवताना कुणाला काही वाटत नाही, पण अमेरिकेत या फोटोचा इतिहास काळा आहे. वुड्रो विल्सन अध्यक्ष झाल्यावर १९१३ पासून टपाल आणि अर्थ खात्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली, आणि १९१४ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्जासोबत फोटो सक्तीचा झाला. कारण दिलं गेलं ते तोतयेगिरी रोखण्याचं. प्रत्यक्षात, परीक्षेत वर आलेल्या तिघांतून एकाची निवड करायची मुभा अधिकाऱ्याला होती. गुणांच्या यादीत रंग दिसत नव्हता, फोटोत तो दिसू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पत्रकार विल्यम मन्रो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन व्हाइट हाउसमध्ये या वेगळं बसवण्याविरुद्ध दाद मागायला गेले, तेव्हा विल्सन यांनी चिडून त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. फोटोची अट जायला १९४० उजाडलं. तोतये पकडायला बोटांचे ठसे पुरतात हे तेव्हा सरकारच्या लक्षात आलं.

खासगी कंपन्यांत तर फोटोच्या आडपडद्याचीही गरज नव्हती. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती गोऱ्यांसाठी आणि 'कलर्ड'साठी वेगळ्या छापल्या जात. धर्म, जन्मस्थान, आईवडिलांचा मूळ देश हे प्रश्न छापील अर्जांवर उघडपणे असत. ज्यू, इटालियन किंवा आयरिश उमेदवार तिथेच गळत.

बदलाला चालना मिळाली ती अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याच्या तोंडावर. रेल्वेच्या पुलमन डब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांच्या संघटनेचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १ जुलै १९४१ रोजी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची घोषणा केली. शस्त्रास्त्रांचे कारखाने दिवसरात्र चालू होते, पण त्यांत कृष्णवर्णीयांना घेत नव्हते. मोर्चाच्या सहा दिवस आधी, २५ जूनला, रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांत वंश, धर्म, रंग किंवा मूळ देश यावरून भेदभाव करायला मनाई करणारा आदेश काढला. मोर्चा रद्द झाला. आदेश राबवायला नेमलेल्या समितीला मात्र दात नव्हते, आणि युद्ध संपताच अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तिचा पैसा तोडला.

अर्जाच्या कागदाला थेट हात घातला तो न्यूयॉर्क राज्याने. १९४५ च्या आयव्हस-क्विन कायद्याने नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवला. असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. नेमणुकीपूर्वी काय विचारता येईल आणि काय नाही, हेही त्यातून ठरत गेलं. वंश, धर्म, जन्मस्थान विचारायचं नाही, फोटो मागायचा नाही, नाव बदललं असेल तर मूळ नाव काय तेही विचारायचं नाही. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स पाठोपाठ आले. पुढची पंधरा वर्षं पुरोगामी मालकाची ओळख हीच होती, की त्याच्या कार्यालयात कुणाच्या वंशाची कुठेही नोंद नसते.

आणि इथेच घोटाळा झाला. नोंद नाही म्हणजे पुरावा नाही. एखाद्या कारखान्यात पाच हजार कामगार आहेत, त्यांत कृष्णवर्णीय किती आणि ते झाडू मारतात की यंत्र चालवतात, हे विचारलं की मालक सांगे, आम्ही रंग बघत नाही, त्यामुळे ठाऊक नाही. वाक्य निर्दोष आणि सोयीचंही! १९६१ मध्ये केनेडी यांनी सरकारी कंत्राटदारांवर समान संधीची जबाबदारी टाकली, 'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' (समान संधीसाठी मालकाने स्वतःहून पावलं उचलणं) हा शब्दप्रयोग त्या आदेशात आला, आणि त्यासाठी नेमलेल्या समितीला पहिल्यांदा आकड्यांची गरज भासली.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने देशभर नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवला आणि मालकांना नोंदी ठेवायला लावण्याचा अधिकारही दिला. पण कोणत्या नोंदी? वाद पेटला तो नागरी हक्कांच्या बाजूच्याच लोकांत. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेचे वॉशिंग्टनमधले प्रतिनिधी क्लॅरेन्स मिचेल यांचा वंशाच्या नोंदीला विरोध होता. हा रकाना अर्जातून काढून टाकायला त्यांच्या पिढीने आयुष्य घालवलं होतं. तो पुन्हा आला की दारही पुन्हा उघडेल, ही त्यांची भीती होती. विल्सनच्या फोटोचा अनुभव पाहता ती पोकळ म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला नव्या समान रोजगार संधी आयोगातले कायद्याचे प्राध्यापक आल्फ्रेड ब्लूमरोझन यांच्यासारखे लोक होते. एकेक तक्रार येण्याची वाट बघत बसलो तर शतक जाईल, आकडे हाती असले तर कुठे शोधायचं ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. ब्लूमरोझन यांची बाजू जिंकली. मला वाटतं, त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता.

१९६६ पासून शंभर किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना दरवर्षी या आयोगाला ईईओ-१ नावाचा तक्ता भरून द्यावा लागू लागला. गट चार: निग्रो, ओरिएंटल, अमेरिकन इंडियन, स्पॅनिश अमेरिकन. बाकीचे सगळे उरलेल्यांत. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी हा तक्ता कुणालाही न विचारता भरला जाई. राज्यांच्या कायद्यांमुळे विचारण्याची चोरी होती, म्हणून नुसतं बघून मोजायला परवानगी होती. पर्यवेक्षकाने खात्यातून एक फेरी मारायची आणि चेहऱ्यांवरून आकडे मांडायचे.

या आकड्यांना धार आली ती १९७१ च्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्याने. नॉर्थ कॅरोलायनातल्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजुरीच्या खात्यात घेत. तिथला पगार इतर सर्व खात्यांपेक्षा कमी. २ जुलै १९६५ रोजी कायदा लागू झाला आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीने चांगल्या खात्यांसाठी लेखी चाचण्या लावल्या. हायस्कूल उत्तीर्णची अट आधीपासून होतीच. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते, तर कृष्णवर्णीय १२ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की कामाशी संबंध नसलेली अट एखाद्या गटाला बाहेर ठेवत असेल, तर मालकाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करायची गरज नाही. हेतू मनात असतो, परिणाम तक्त्यात दिसतो.

परिणाम मोजायचा तर नोकरीला लागलेल्यांसोबत अर्ज करून नाकारले गेलेलेही मोजावे लागतात. अर्जाच्या शेवटी येणारं ते पान इथून जन्मलं. १९७८ च्या केंद्रीय मार्गदर्शक नियमांनी 'चार पंचमांश'चा ठोकताळा घालून दिला. शंभर गोऱ्या अर्जदारांतून पन्नास घेतले आणि शंभर कृष्णवर्णीयांतून तीसच, तर दुसऱ्या गटाचं प्रमाण पहिल्याच्या साठ टक्केच भरतं. ऐंशीच्या खाली गेलं की चौकशीला जागा. पण वंश विचारायचा आणि निवडणाऱ्याला मात्र कळू द्यायचा नाही, हे जमवायचं कसं? तोडगा अगदी कार्यालयीन निघाला: अर्जाला फाडून वेगळी करता येणारी चिठ्ठी जोडायची. अर्ज मुलाखत घेणाऱ्याकडे, चिठ्ठी नोंदीच्या फायलीत. आजचं ऐच्छिक पान म्हणजे ती चिठ्ठीच. इंटरनेटमुळे एकेका जागेला हजारो अर्ज येऊ लागले, तेव्हा अर्जदार नक्की कुणाला म्हणायचं हे कंत्राटदारांसाठी ठरवणारा नियम २००६ पासून लागू करावा लागला.

आता आपल्या चौकटीकडे येऊ. भारतीय माणूस 'एशियन'वर सहज खूण करतो, पण ही जागा आपोआप मिळालेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच अमेरिकेचं नागरिकत्व मिळत होतं, त्यामुळे भारतीयांची धडपड गोरे ठरण्याची होती. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये अपील न्यायालयाने गोरे मानलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाने भारतीय गोरे नाहीत असा निकाल दिला आणि आधी दिलेलं नागरिकत्वही सरकार काढून घेऊ लागलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. (नाव वाचून मराठी कान टवकारतातच.) पंडितांवरही तीच पाळी आली, या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली, घर आणि संसार उभा केला, असं म्हणत ते स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये जिंकले.

पन्नास वर्षांनी चक्र उलटं फिरलं. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती. सत्तरच्या दशकात केंद्र सरकारने सगळ्या खात्यांसाठी एकसारखे गट ठरवायला घेतले, तेव्हा १९७५ च्या मसुद्यात भारतीय उपखंडातले लोक गोऱ्यांच्या गटात होते. 'असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका' ही संस्था आणि तिचे पुढारी, रटगर्स विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ मनोरंजन दत्त यांनी याला हरकत घेतली. चेहऱ्यावरून भेदभाव होतो आणि आमचे चेहरे गोरे नाहीत, तर संरक्षणातून आम्हाला का वगळता, असा त्यांचा सवाल होता. शिकलेल्या, डॉक्टर-इंजिनिअर असलेल्या समाजाने अल्पसंख्याकांच्या रांगेत उभं राहू नये, असं म्हणणारे भारतीयही तेव्हा होते. अखेर हे गट पक्के करणाऱ्या १९७७ च्या निर्देश क्रमांक १५ मध्ये भारतीय उपखंड आशियाई गटात गेला आणि १९८० च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' ही स्वतंत्र चौकट आली. १९८२ मध्ये छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेतही भारतीयांना वंचित गट म्हणून स्थान मिळालं. याला कुणी संधिसाधूपणा म्हणेल. पण चौकट बदलली की हक्क बदलतात, हे ज्यांनी एकदा नागरिकत्व गमावून पाहिलं त्यांच्या वारसदारांनी चौकटीकडे दुर्लक्ष केलं असतं तरच नवल. आपल्याकडे जातीच्या दाखल्यावर पडताळणी समिती बसते. तिकडे या खुणेसाठी कुणी कागद मागत नाही, माणूस स्वतःबद्दल सांगेल तेच सामान्यतः धरलं जातं.

राष्ट्रीयत्वाचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे, आणि मराठी अर्जदाराची खरी गोची तिथेच होते. मूळ देशावरून भेदभावाला १९६४ पासून बंदी आहे. पण टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत फराह या कपडे बनवणाऱ्या कंपनीने सेसिलिया एस्पिनोझा यांना त्या अमेरिकी नागरिक नाहीत म्हणून नाकारलं, तेव्हा १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ देश वेगळा आणि नागरिकत्व वेगळं. कायद्याचं संरक्षण पहिल्याला आहे. १९८६ च्या कायद्याने ही फट अर्धवट बुजवली. बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड लावला, प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याची कागदपत्रं तपासणारा आय-९ फॉर्म आणला, आणि परक्या चेहऱ्यांना मालक सरसकट टाळतील या भीतीने नागरिकत्वावरून भेदभावालाही मनाई केली. ती मनाई नागरिक, ग्रीनकार्डधारक, निर्वासित अशांपुरतीच आहे. एच-१बी व्हिसावरचा माणूस तिच्यात बसत नाही. म्हणून 'तुम्हाला आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी कंपनीचं पाठबळ) लागेल का?' हा प्रश्न अर्जात उघडपणे विचारता येतो आणि 'हो' म्हटल्यावर अर्ज बाजूला ठेवला तरी बहुधा दाद मागता येत नाही. वंशाच्या रकान्याची धास्ती घेणाऱ्यांनी खरं तर या प्रश्नाची घ्यावी.

वंशाचं पान लपवलं तरी नाव लपत नाही, हेही पुढे मोजून झालं. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, नावं काही गोरी वाटणारी, काही कृष्णवर्णीय. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोऱ्या नावांना सुमारे पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. आणि काही भेद असे असतात की ते चौकटीतही दिसत नाहीत, तिथल्या व्यवस्थापकाला नावातूनही कळत नाहीत. 'एशियन' या एका खुणेखाली सगळ्या जाती एकत्र येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसं विधेयक मंजूर केलं, पण राज्यपालांनी ते नाकारलं.

सध्या या पानाखालची जमीन हलते आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने १९७७ चे ते गट बदलले: हिस्पॅनिक आणि वंश हे दोन प्रश्न एकत्र करायचे, आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना गोऱ्यांतून काढून वेगळी चौकट द्यायची, असं ठरलं; सरकारी खात्यांना त्यासाठी २०२९ पर्यंत मुदत मिळाली. मग २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी केनेडींनंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश रद्द केला. कंत्राटदारांवरची अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनची सारी यंत्रणा त्यावर उभी होती. अपंगत्व आणि माजी सैनिकांबद्दलचे प्रश्न स्वतंत्र कायद्यांतून आलेले असल्याने त्या आदेशासोबत ते गेले नाहीत. ईईओ-१ तक्त्याचा आधारही १९६४ चा कायदा आहे, म्हणून २०२५ मध्येही कंपन्यांकडून तो भरून घेतला गेला.