फोनो कार्ट्रिजची निवड व जुळणी

फोनो कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्डच्या खाचेतील कंपनांचे विद्युत् संदेशात रूपांतर करणारा, टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा भाग. सांगली-मिरज भागातील जुन्या संग्रहांत लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या (नाट्यसंगीत, मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या ओडियन रेकॉर्ड) आणि एलपी एकत्र सापडतात. त्यामुळे येथे कार्ट्रिजच्या किमतीआधी सुईच्या टोकाचा विचार करावा लागतो.

स्टीरिओ एलपीसाठी टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रोमीटर, मोनो एलपीसाठी २५, तर ७८ साठी साधारण ७५ (३ मिल; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरतात. एलपीची बारीक सुई ७८ च्या खाचेत तळाला टेकते आणि खरखरच उचलते. मात्र ७५ हा आकडा सर्वत्र लागू पडतो का, याबाबत मतभेद आहेत. खाचेची रुंदी कंपनी व काळानुसार बदलत असे. शिवाय चावीच्या ग्रामोफोनचा जड साउंडबॉक्स (सुई व पडदा असलेली डबी) आणि पोलादी सुई यांनी खाचेची भिंत एका ठरावीक उंचीवर झिजवलेली असते. काही जाणकार ३ मिललाच प्रमाण मानतात, इतर २.५ ते ३.५ मिलच्या सुया लावून पाहतात व न झिजलेला पट्टा शोधतात. जुन्या, खूप वाजलेल्या तबकड्यांसाठी दुसरी पद्धत अधिक ग्राह्य वाटते. सुई बदलता येणारे मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर हलणाऱ्या चुंबकाने संदेश निर्माण करणारे) कार्ट्रिज म्हणूनच सोयीचे.

जुन्या रेकॉर्ड प्लेअरमधील क्रिस्टल कार्ट्रिज बहुधा निकामी झालेले असते, कारण त्यातील रोशेल लवण उष्णता व ओलावा सहन करत नाही. त्याजागी सिरॅमिक चालते. मूव्हिंग मॅग्नेटचा संदेश अवघा ३ ते ५ मिलिव्होल्ट असल्याने त्याला फोनो प्रीअँप्लिफायर (४७ किलोओहम) लागतो. त्यातील १९५४ पासूनचे आरआयएए समीकरण (ध्वनिमुद्रणात कमी केलेला खर्ज व वाढवलेला तार स्वर पूर्ववत करणारी प्रमाणित जुळवणी) त्याआधीच्या तबकड्यांना नेमके जुळत नाही.

आर्मशी जुळणी अनुनादावरून (आर्म व कार्ट्रिज मिळून ज्या वारंवारतेला सर्वाधिक डोलतात तिच्यावरून) ठरते : एकूण प्रभावी वस्तुमान × लवचिकता (सुईच्या आधाराचा मऊपणा) या गुणाकाराच्या वर्गमूळाने १५९ ला भागावे. आर्म १२ ग्रॅम, कार्ट्रिज व स्क्रू ७ ग्रॅम, लवचिकता १५ मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन, तर उत्तर सुमारे ९.४ हर्ट्झ. ८ ते १२ हर्ट्झ इष्ट. जपानी उत्पादक लवचिकता बहुधा १०० हर्ट्झला देतात. सूत्रात १० हर्ट्झची लवचिकता लागत असल्याने ती साधारण दीडपट ते दुप्पट धरावी. जुन्या जड आर्मवर अतिलवचिक कार्ट्रिज लावल्यास वाकलेली रेकॉर्ड सुई उडवते.