अवरोधक नियंत्रण

सुरू होऊ घातलेली हालचाल, सवयीने येणारी प्रतिक्रिया, नको असलेली आठवण किंवा लक्ष ओढून घेणारी संवेदना वेळेत रोखण्याची मेंदूची क्षमता. मानसशास्त्रात तिची गणना कार्यकारी क्षमतांमध्ये, म्हणजे विचार आणि वर्तन हेतूनुसार चालवणाऱ्या क्षमतांमध्ये होते. थांबणे म्हणजे काहीच न करणे, असे वरवर पाहता वाटते. पण थांबण्यासाठी मेंदूला वेगळे काम करावे लागते, त्याला वेळ लागतो आणि तो वेळ मोजताही येतो.

रोखणे हीसुद्धा चेतासंस्थेची क्रिया आहे, हे एकोणिसाव्या शतकात कळले. १८४५ मध्ये एर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या भावांनी मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेला विद्युत उद्दीपन दिले, तेव्हा हृदयाचे ठोके मंदावले आणि थांबले. चेता उद्दीपित झाली की अवयवाचे काम वाढते, या तोवरच्या समजाला हा मोठाच धक्का होता. पुढे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान सेचेनोव्ह यांनी बेडकाच्या थॅलॅमसवर, म्हणजे मेंदूच्या आतल्या एका संदेशकेंद्रावर, मिठाचा खडा ठेवला. आम्लात बुडालेला पाय बेडूक झटकन मागे घेतो. खडा ठेवल्यावर मात्र त्याला उशीर होऊ लागला. मेंदू प्रतिक्षिप्त क्रियेला लगाम घालतो, हे १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले. एक स्नायू आकुंचन पावताना त्याच्या विरोधी स्नायूला मज्जारज्जूतून आवर घातला जातो, हे चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवले. चेतापेशींच्या पातळीवरचा हा अवरोध आणि वर्तनातला संयम यांची गल्लत मात्र करू नये. एका पेशीने दुसरीला दाबणे मेंदूत प्रत्येक क्षणी चालू असते, अगदी धावतानाही.

वर्तनातला अवरोध मोजण्यात मोठी अडचण अशी, की माणूस यशस्वीपणे थांबला तर मोजण्याजोगे काही घडतच नाही. थांब-संकेत चाचणीने ही अडचण फार सुंदर रीतीने सोडवली आहे. पडद्यावर बाण उमटतो; त्याच्या दिशेनुसार डावे किंवा उजवे बटण शक्य तितक्या लवकर दाबायचे. साधारण चारातल्या एका वेळी बाणापाठोपाठ बीप वाजतो, आणि तो वाजला तर बटण दाबायचे नाही. बीप लगेच वाजला तर थांबणे सोपे जाते. उशिरा वाजला तर बोट आधीच निघालेले असते. माणूस थांबू शकला की संगणक पुढचा बीप थोडा उशिरा वाजवतो, चुकला की थोडा लवकर. असे करत तो निम्म्या वेळा थांबता येईल अशा बिंदूवर येऊन ठेपतो. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन प्रक्रियांची इथे शर्यत लागते. जी आधी पोचेल तिच्यासारखे वर्तन घडते. समजा, एखाद्याला बटण दाबायला एरवी ४८० मिलिसेकंद लागतात आणि बीप बाणानंतर २६० मिलिसेकंदांनी वाजला असता तो निम्म्या वेळा थांबतो. मग त्याचा थांबण्याचा वेळ सुमारे २२० मिलिसेकंद ठरतो. निरोगी तरुणांमध्ये हा आकडा बहुधा २०० ते २५० च्या आसपास येतो. कधीच न दिसलेल्या घटनेचा वेळ असा काढता येणे, ही प्रायोगिक मानसशास्त्रातली अत्यंत देखणी कामगिरी म्हणावी लागेल.

एवढ्या कमी वेळात मेंदूत काय घडते, याचा बराच उलगडा झाला आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांतील ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग थॅलॅमसला सतत दाबून ठेवतो. हालचाल करायची तर हा दाब निवडकपणे सैल करावा लागतो. थांबण्याचा संकेत मिळाला की उजव्या अग्रखंडाचा (मेंदूच्या कपाळामागच्या भागाचा) खालचा भाग आणि हालचालीची पूर्वतयारी करणारा मध्यरेषेजवळचा भाग बेसल गँग्लियातल्याच सबथॅलॅमिक केंद्रकाला चेतवतात. हे केंद्रक ग्लोबस पॅलिडसला जोर देते आणि दाब पुन्हा घट्ट होतो. बाह्यकातून (मेंदूच्या बाहेरच्या थरातून) थेट सबथॅलॅमिक केंद्रकात उतरणारा हा मार्ग बेसल गँग्लियाच्या इतर मार्गांपेक्षा वेगवान असतो. मात्र असा तातडीचा ब्रेक ढोबळ असतो: बोट थांबवताना पायाच्या स्नायूंकडे जाणारी उत्तेजनासुद्धा क्षणभर कमी झालेली आढळते. सबथॅलॅमिक केंद्रकाला एका बाजूने इजा झाली, तर विरुद्ध बाजूचे हातपाय अनावर फेकले जाऊ लागतात. उजव्या अग्रखंडाचा तो भाग खरोखर ‘थांबवतो’ की अनपेक्षित संकेत टिपतो, यावर अजून वाद आहे.

अग्रखंडाला इजा झालेल्या काही रुग्णांचे वर्तन या बाबतीत बोलके आहे. फ्रेंच चेतारोगतज्ज्ञ फ्रांस्वा लेर्मीत यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णांपुढे वस्तू ठेवली की ते कुणी न सांगताच ती वापरू लागत. पेला आणि पाण्याचे भांडे दिसले की पाणी ओतून पीत. वस्तूच जणू आज्ञा देते आणि ती आज्ञा नाकारणारे कुणी उरत नाही.

रोखण्याचे प्रकार अनेक आहेत. हिरव्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द पाहून शाईचा रंग सांगायचा, तर वाचनाची सवय दाबावी लागते (स्ट्रूप, १९३५). बाजूला ठिपका चमकला की मुद्दाम उलट दिशेला पाहायचे, तर डोळ्यांची ओढ आवरावी लागते. पण एका चाचणीत तरबेज असलेला माणूस दुसरीतही तसाच असेल, याची खात्री नसते. या चाचण्यांत मिळालेल्या गुणांमधला परस्परसंबंध दुबळा निघतो. त्यामुळे अवरोधक नियंत्रण ही एकच शक्ती आहे असे मानण्यापेक्षा तो सैलसर संबंध असलेल्या क्षमतांचा गट आहे, असे मानणे अधिक रास्त.

ही क्षमता तीन ते सहा वर्षांच्या वयात झपाट्याने वाढते, विशीपर्यंत पक्व होत राहते आणि म्हातारपणी मंदावते. अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकारात (एडीएचडी) थांबण्याचा वेळ सरासरीने जास्त आढळतो आणि मेथिलफेनिडेट या औषधाने तो कमी होऊ शकतो. तरी विकार असलेल्या आणि नसलेल्या मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की केवळ या चाचणीवरून निदान करता येत नाही. त्या मुलाला ‘मनावर घेत नाही’ म्हणून दोष देणे तर अन्यायाचेच आहे.

लोकप्रिय लिखाणात या विषयाचा पसारा फार वाढला. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमेलो (एक मऊ गोड पदार्थ) प्रयोगात लहान मुलांना तत्काळ एक गोड तुकडा किंवा थोडे थांबून दोन, अशी निवड दिली जाई. थांबलेली मुले पुढे अधिक यशस्वी होतात, हा निष्कर्ष जगभर गाजला. २०१८ च्या मोठ्या पुनर्तपासणीत हा संबंध बराच कमी निघाला आणि घरची परिस्थिती विचारात घेतल्यावर आणखी आक्रसला. संयम वापरला की तो खर्ची पडतो, या सिद्धान्ताची २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून परीक्षा घेतली. अपेक्षित परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. सरावाने थांब-संकेतासारख्या चाचणीतली कामगिरी सुधारते, पण ती सुधारणा बहुतेक वेळा त्या चाचणीपुरती राहते आणि रोजच्या वागण्यात फारशी उतरत नाही.